परक्या लिपीतला दाखला

त्या वर्षी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मी अमेरिका शिकवत होते. पहिलं महायुद्ध संपल्यानंतरची अमेरिका. बीडच्या आमच्या कॉलेजात इतिहास घेणारी बरीचशी मुलं दुसरा विषय मिळाला नाही म्हणून आलेली असत, आणि दुपारी दोनच्या तासाला वीज गेली की निम्मी डोळे उघडे ठेवून झोपत. पण ते प्रकरण मला आवडायचं. युद्ध जिंकून आलेला देश एवढा घाबरला कसा, हा प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर लिहायची. सैनिक घरी आले, त्यांना काम मिळेना. महागाई वाढली, कारखान्यांत संप झाले, कुणी टपालातून बॉम्ब पाठवले. आणि लोकांच्या मनानं घेतलं, की हे सगळं रशियातून आलेल्या लाल विचाराचं आणि बाहेरून आलेल्या माणसांचं काम आहे. मग धरपकड झाली. नागरिकत्वाचा कागद नसलेल्या कितीतरी जणांना जहाजात घालून समुद्रापार धाडलं. नंतर कुठल्या देशातून किती माणसं येऊ द्यायची याचा कायदाच केला.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण त्यातले खरे किती होते?"

"काही होते," मी म्हटलं. "बॉम्ब खरंच फुटले होते. पण धरलेल्यांपैकी बहुतेकांनी काही केलेलं नव्हतं."

तिनं ते तसंच वहीत उतरवून घेतलं. त्या वहीचं पुढं काय झालं ते सांगेनच.

मी राहायची चौसाळ्याला. सकाळी एसटीनं बीड, संध्याकाळी एसटीनं परत. तेव्हा पंधरा वर्षं तेच चाललं होतं. ह्यांचं हायवेवर कापडाचं दुकान होतं. दुकानाला लागून आमचाच एक गाळा आणि त्याच्या मागं एक खोली. त्यात नऊ वर्षांपासून एक बंगाली डॉक्टर राहत होता. आपल्याकडं कुठल्याही बाजारगावात असा एक दवाखाना असतो, तसाच तो. हिरवी पाटी, मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन इलाज. पाटीवर नावापुढं जी अक्षरं होती ती कुठल्या विद्यापीठाची, हे मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या कुणी विचारल्याचंही मला आठवत नाही. लोकांना गुण यायचा, निदान ते तसं म्हणायचे. आणि हा आजार असा, की आपल्या ओळखीच्या डॉक्टरपेक्षा परक्या माणसाला सांगायला बरा वाटतो. ह्यांनीही त्याच्याकडून पुड्या घेतल्या होत्या. ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

डॉक्टर चाळिशीचा, बारीक, कायम इस्त्रीचा शर्ट. मराठी बोलायचा पण 'अ'चा 'ओ' व्हायचा. मला "ताई" म्हणायचा. त्याची बायको आमच्या मागच्या दाराशी येऊन बसायची, मी तिला वहिनी म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. खोली देताना ह्यांनी एकच अट घातली होती. आम्ही वीरशैव, कपिलधारला नेमानं जाणारं घर, तेव्हा खोलीत मासमच्छी शिजणार नाही. नऊ वर्षांत ती अट त्यांनी एकदाही मोडली नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी दोघं सकाळच्या गाडीनं तलवाड्याकडं जायचे. तिकडचा एक पेशंट होता, गोदावरीत जाळं टाकणारा. तो त्यांना जेवायला बोलवायचा. संध्याकाळी परत आल्यावर वहिनीचा चेहरा असा खुललेला असायचा की मला हसू यायचं. "पोट भरलं का?" मी विचारायची. ती हळूच म्हणायची, "ताई, दादांना सांगू नका." दादा म्हणजे हे. यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मी सांगितलं नाही.

कारगिलची लढाई झाली ती त्या उन्हाळ्यात. गावात केबल नुकतीच आली होती. ह्यांनी दुकानात टीव्ही ठेवला होता आणि कापड घ्यायला आलेली माणसं गठ्ठ्यांवर बसून दिवसभर डोंगरावरची लढाई पाहायची. त्याच टीव्हीवर मधूनमधून परदेशी कोल्ड्रिंकच्या आणि नव्या मोटारसायकलींच्या जाहिराती लागायच्या. लढाई संपत आली तेव्हा जवळच्याच एका गावचा जवान गेल्याची बातमी आली. पेटी आली त्या दिवशी सगळी बाजारपेठ बंद होती. आमच्याकडून माणसं जीपगाड्यांनी गेली. डॉक्टरनंही दवाखाना बंद केला आणि ह्यांच्यासोबत गेला.

तिथं काय झालं ते ह्यांनी घरी आल्यावर सांगितलं. गर्दीत फुलं वाहायला रांग लागली होती. डॉक्टर रांगेत होता. मागून कुणीतरी विचारलं, "तू कावून आलास बे? तुझा देश कोणता हाय?" डॉक्टर म्हणाला, हाच. तेवढ्यावर चारदोन जण हसले. कुणी हात लावला नाही, काही नाही. पण डॉक्टर रांगेतून बाहेर पडला, फुलं हातात तशीच घेऊन जीपमध्ये येऊन बसला.

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"मी काय बोलणार? तिथं लेकरू गेलंय लोकांचं," हे म्हणाले. त्यांचंही खरं होतं.

पण तो प्रश्न त्या रांगेतच राहिला नाही. दुकानात बसणाऱ्यांनी तो उचलला. पेपरात रोज काहीतरी येत होतं, मुंबईत बांगलादेशी पकडले, कुठं कोण हेर सापडला. माणसं वाचायची आणि शेजारच्या हिरव्या पाटीकडं बघायची. हा नऊ वर्षांत गावाकडं किती वेळा गेला? याच्याकडं पत्रं कोणत्या भाषेत येतेत? आणि महिन्याला तलवाड्याकडं जातेत ते कोणाला भेटायला? नदी वलांडली की दुसरा जिल्हा लागतो, हेसुद्धा कुणीतरी मोठा शोध लावल्यासारखं सांगितलं.

तेव्हा मी ह्यांना मासळीची गोष्ट सांगितली. हे म्हणाले, "आता हे मी दुकानात सांगू? माझ्या खोलीत ऱ्हाणारी माणसं मासे खायला जातेत म्हणून?"

"खोलीत तर खात नाहीत ना."

"तू कावून मधी पडतीस? व्हईल शांत चार दिवसांत."

चार दिवसांत शांत झालं नाही. काही जणांनी मिळून ठाण्यात अर्ज दिला, हा माणूस बांगलादेशी असावा म्हणून. एक वयस्क जमादार चौकशीला आले. माणूस सरळ होता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी दुकानात चहा घेतला, डॉक्टरला बोलावलं आणि जन्माचा किंवा शाळेचा काही कागद आहे का विचारलं. डॉक्टर मागच्या खोलीत गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद घेऊन आला. शाळा सोडल्याचा दाखला, घडीवर फाटत आलेला, गोल शिक्का आणि सगळा मजकूर बंगालीत.

जमादारांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. दुकानातल्या प्रत्येकानं पाहिला. "हे तर बांगलादेशाचंच अक्षर हाय," एकजण म्हणाला. डॉक्टर म्हणाला, "बंगालचं आहे. इंडियाचं बंगाल." तो म्हणाला, "मग हिंदीत कावून न्हाई?"

जमादारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तुमी कॉलेजात असता. कोणाकडून तरी याचं मराठी करून आणा. सोबत घरमालक म्हणून तुमचं एक पत्र द्या. मी फाइलीला लावतो, तिकडच्या पोलिसांकडं खात्रीला पाठवतो. तवर कोणी बोलणार न्हाई."

मी तो कागद घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या पिशवीत घालून बीडला गेले.

आमच्या कॉलेजात बंगाली वाचता येणारा एकच माणूस होता. ग्रंथपाल सर. त्यांना निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. तरुणपणी ते लाल बावट्यात होते. शेतमजुरांच्या मजुरीसाठी मोर्चे काढायचे, दोनदा तुरुंगातही जाऊन आले होते. पक्षानं त्यांना वर्ष-दीड वर्ष कलकत्त्याला ठेवलं होतं. तिथं ट्राम कामगारांच्या वस्तीत राहून, दुकानांच्या पाट्या आणि वर्तमानपत्र वाचत ते बंगाली शिकले. पुढं संसार, नोकरी, आणि पक्ष कधीच सुटला. पण बीडमध्ये ते 'लाल सर'च राहिले. नवीन प्राध्यापकांना त्यांची गंमत वाटायची. रशिया मोडला त्याला आठ वर्षं होऊन गेली होती, आणि हे अजून कपाटात जुनी मासिकं जपून ठेवतात म्हणून.

त्यांनी चष्मा लावला, दाखला टेबलावर सपाट केला आणि बोट न ठेवता वाचायला लागले. नाव. वडिलांचं नाव. नदिया जिल्हा, पश्चिम बंगाल. जन्मतारीख. इयत्ता नववी उत्तीर्ण. वर्तणूक चांगली. मला एवढं हायसं वाटलं की मी खुर्चीत मागं टेकले.

मग ते थांबले. "शाळेच्या नावात एक शब्द आहे," ते म्हणाले. "उद्वास्तू वसाहत. म्हणजे निर्वासितांची वसाहत. फाळणीनंतर तिकडून आलेल्यांसाठी सरकारनं वसवलेली."

"म्हणजे हे तिकडचेच?"

"बाप तिकडचा असेल. हा इथं जन्मलाय, जन्मगावही दिलंय. पण शब्द आहे."

मी म्हटलं, "सर, तो शब्द गाळता येणार नाही का? नुसतं 'वसाहत विद्यालय' लिहा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत. "मॅडम, उद्या खात्री होऊन आली आणि त्यात हा शब्द असला, तर आपण लपवला असं होईल. मग बाकीचंही खोटं ठरेल. आहे ते लिहू."

त्यांनी फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात भाषांतर लिहिलं. तो शब्दही लिहिला. खाली सही, नाव, हुद्दा. मी त्याखाली पत्र जोडलं: हे गृहस्थ नऊ वर्षं आमच्याकडं भाड्यानं राहतात, त्यांची वागणूक उत्तम आहे, त्यांच्याबद्दल आमची कसलीही तक्रार नाही. संध्याकाळी उतरताच दोन्ही कागद जमादारांच्या हातात दिले.

त्यांनी वाचलं. "निर्वासित?" ते म्हणाले. "म्हंजी तिकडूनच आलेत की."

"वडील आले. पन्नास वर्षांपूर्वी. असे लाखो आले, जमादार. दिल्लीत आले, पंजाबात आले. त्यांना कुणी परत जा म्हणत नाही."

"ते मला कळतंय, मॅडम. गावाला कसं कळवायचं?" मग त्यांची नजर सहीवर गेली. "आन् सही यांची कावून घेतली? हे तर लाल बावट्याचे. दुसरं कोणी न्हाई भेटलं?"

"दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही."

जमादारांनी सुस्कारा टाकला आणि कागद फाइलीला लावला. पण ती फाइल ज्यांनी अर्ज दिला त्यांनीही पाहिली. आठवड्याभरात गावात एकच वाक्य फिरू लागलं: बांगलादेश्याचा कागद कम्युनिस्टानं वाचला, आणि कापडवाल्याच्या बाईनं पोचवला. ज्या माणसाला तो कागद वाचता येत होता, नेमकं त्याच माणसाचं वाचणं कुणाला नको होतं. डॉक्टरच्या पाटीवरच्या अक्षरांबद्दल कुणी अर्ज दिला असता तर तो खरोखर अडचणीत आला असता, आणि मलाही त्याच्या बाजूनं काही बोलता आलं नसतं. पण त्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. अर्ज देणाऱ्यांपैकी दोघं त्याच्याकडून औषध घेत होते.

मग प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या वहीची झेरॉक्स होती. तिच्या भावानं आणून दिली होती. पानावर माझी वाक्यं होती, तिच्या गोल अक्षरात. धरलेल्यांपैकी बहुतेकांनी काही केलेलं नव्हतं. त्याखाली कुणीतरी लाल शाईनं रेघ मारली होती.

"तुम्ही वर्गात कम्युनिझम शिकवता, अशी तक्रार आहे," प्राचार्य म्हणाले.

"सर, मी अमेरिका शिकवते. कम्युनिझमला घाबरलेली."

"मला माहीत आहे, मॅडम. अभ्यासक्रमात आहे, तेही माहीत आहे. पण हे, आणि ते पत्र, आणि ग्रंथपालांची सही, हे तिन्ही एकत्र ठेवून पेपरात बातमी द्यायला माणूस तयार बसलाय." ते माझ्यावर ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते दमलेल्या आवाजात बोलत होते. "संस्थेचे लोक विचारतील. ग्रंथपालांचं एक वर्ष राहिलंय. त्यांच्या निवृत्तीच्या कागदांवर माझी सही लागते, आणि मला ती सुखानं करायचीय. तुम्ही तेवढं पत्र परत घ्या. शिकवायचं ते शिकवा."

विचार करते, असं म्हणून मी उठले. एसटीत उभं राहून घरी आले. घरी हे दिवाणावर पडले होते. दुपारी चौघं जण दुकानात येऊन गेले होते. भांडले नव्हते. फक्त म्हणाले होते, की लोकांना तुमच्या दुकानात यायला बरं वाटंना झालंय. ह्यांनी माझ्याकडं पाहून एवढंच म्हटलं, "मला आता लई कंटाळा आलाय या गोष्टीचा."

मलाही आला होता. आता मागं वळून पाहताना मला ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. आम्हाला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी दगड मारला नव्हता. मी घाबरलेही नव्हते. मी फक्त थकले होते. रोज सकाळची गाडी, तास, पेपर तपासणी, परतीची गाडी, आणि उतरल्यावर पुन्हा तोच विषय. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन पत्र परत घेतलं आणि त्याजागी दुसरं दिलं. त्यात लिहिलं: सदर इसम आमचे भाडेकरू आहेत, यापलीकडे आम्हाला त्यांची वैयक्तिक माहिती नाही. जमादारांनी ते वाचलं आणि मान वर न करता फाइलीला लावलं.

ग्रंथपाल सरांनाही खुलासा विचारला होता. त्यांनी सही मागं घेतली नाही. त्यांच्या खुलाशात एकच ओळ होती: 'मला बंगाली वाचता येते.' प्राचार्यांनी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि त्या माणसाचं मोठेपण म्हणा की आळस म्हणा, पुढं पाठवलाच नाही. मी सरांना माझ्या दुसऱ्या पत्राबद्दल सांगायला ग्रंथालयात गेले. ते पुस्तकांना नंबर चिकटवत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला रोज त्याच गावात उतरायचंय. मला नाही." मला माफ केलं की नाही ते मला त्यावरून कळलं नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

महिनाभरानं ह्यांनी डॉक्टरला खोली सोडायला सांगितलं. मी घरात होते, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू येत होतं.

"खात्री होऊन यील, डॉक्टर. मग या परत. खोली दुसऱ्याला देत न्हाई मी," हे म्हणत होते.

"दादा, खात्री कधी येणार?"

"आता ते सरकारी काम हाय."

"मी कुठं जाऊ?"

मग डॉक्टरच म्हणाला, "ठीक आहे दादा. तुमची काही चूक नाही."

वहिनी निरोप घ्यायला आली तेव्हा मी भाजी चिरत होते. ती नेहमीसारखी मागच्या दाराशी बसली. मी चहा केला. तिला माझ्या दुसऱ्या पत्राबद्दल माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. ती म्हणाली, "माझे सासरे म्हणायचे, आपण एकदा उठलो, आता परत उठायचं नाही. बरं झालं, ते गेले." मी म्हटलं, "वहिनी, येईल कागद." ती म्हणाली, "हो." मग आम्ही दोघी त्या वर्षी पाऊस किती कमी झाला यावर बोललो.

त्यांचं सामान एका टेम्पोत मावलं. दुपारची वेळ होती, बाजार उघडा होता. कुणी काही बोललं नाही, कुणी शिट्टीही मारली नाही. शेजारचा हॉटेलवाला उलट टेबल चढवायला मदत करायला आला. डॉक्टरनं स्वतः स्टुलावर चढून हिरवी पाटी उतरवली. जाताना त्यानं मला हात जोडले. मी दारात उभी होते. कुठं जाताय, हा साधा प्रश्न मी विचारला नाही, कारण त्याला प्रश्न पुरेसे विचारून झाले होते असं मला वाटलं. आता वाटतं, ती मी स्वतःला दिलेली सवलत होती.

खात्री आली ती पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात. जमादार दुकानासमोर मोटारसायकल थांबवून आत आले, गठ्ठ्यावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, ते डॉक्टरचं आलं बरं का. समदं खरं निघालं. शाळा हाय, नाव हाय, मतदार यादीत भाऊ हाय."

"मग आता?" मी म्हटलं.

"आता काय, फाइल बंद."

दुकानात दोघं-तिघं बसले होते, त्यात अर्ज देणाऱ्यांपैकी एकजण होता. तो म्हणाला, "म्या तर आधीच म्हणलो होतो, माणूस चांगला हाय." तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवत होतं. ह्यांनी कापडाचं ठाण गुंडाळलं, पुन्हा उलगडलं आणि पुन्हा गुंडाळलं. गाळ्यात तोपर्यंत एसटीडी बूथ झाला होता.

बीडला गेल्यावर मी ग्रंथपाल सरांना सांगितलं. ते निवृत्त झाले होते, तरी सवयीनं ग्रंथालयात येऊन पेपर वाचायचे. त्यांनी पेपर खाली केला. "तो शब्द होता का त्यात? उद्वास्तू?"

"होता म्हणे."

त्यांनी मान हलवली आणि पेपर पुन्हा वर धरला. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल.

त्यानंतर दोन वर्षांनी कुणीतरी ह्यांना सांगितलं, माजलगावला बाजारात एक बंगाली डॉक्टर बसतो, आपलाच असेल. हे म्हणाले, जाऊन ये. मी एका रविवारी गेले. त्या दिवशी बाजार होता, उन्हं चढली होती, विचारत विचारत मी एका हिरव्या पाटीसमोर आले. आत बाकावर दोन म्हातारे होते आणि पडद्याआड डॉक्टर. तो आमचा नव्हता. जाडसर, तरुण, केसांना तेल लावलेला.

मी म्हटलं, "तुम्ही बंगालचे का? कोणत्या जिल्ह्याचे?"

मला पुढं विचारायचं होतं, की तुम्ही अमुक एका डॉक्टरला ओळखता का. पण माझ्या अंगावर कॉलेजची इस्त्रीची साडी होती, हातात पिशवी, आणि मी त्या घाईत प्रश्न विचारला तो जमादारांच्याच सुरात. तो झटकन उठला. "मेदिनीपूर, मॅडम," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्यानं ड्रॉवर उघडून कागदांचा गठ्ठा काढला. दाखला, मतदान कार्ड, सरपंचाचं पत्र, एका शाळेच्या मुख्याध्यापकाचं पत्र, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. तो ते एकेक करून टेबलावर मांडायला लागला. बाकावरचे म्हातारे खाली बघत होते.

"कागद नकोत," मी म्हटलं. "मी त्यासाठी नाही आले."

त्याचे हात थांबले, पण विश्वास बसला नाही. "मग, मॅडम?"

खरं सांगायला गेले असते तर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. मी म्हटलं, "मला त्रास आहे. पुष्कळ दिवसांपासून."

तो सावकाश खाली बसला. त्यानं कागद गोळा करून बाजूला ठेवले, मला चार प्रश्न विचारले, मी चार खोटी उत्तरं दिली. मग त्यानं वर्तमानपत्राच्या तुकड्यांत सात पुड्या बांधल्या आणि तिखट खाऊ नका, पाणी भरपूर प्या, असं नीट समजावून सांगितलं. मी पुड्या पिशवीत टाकल्या आणि बीडच्या गाडीची चौकशी करत स्टँडवर आले. गाडी दीड तासानं होती.